आधी बादली, मग प्लंबर

या वेळच्या पत्रांचा ढीग चाळला तर तक्रार एकच: फ्लश केला तरी भांडे साफ होत नाही. कुणाकडे कमोड आहे, कुणाकडे देशी भांडे, कुणाकडे टाकी, कुणाकडे भिंतीतला कॉक. दोष मात्र तीनच जागी असू शकतो. पाणी सोडणाऱ्या टाकीत, पाणी पसरवणाऱ्या भांड्यात किंवा मैला वाहून नेणाऱ्या पाइपात. यातली जागा न ओळखता सामान आणले की टाकी बदलते, कमोड बदलतो आणि फ्लश तसाच राहतो.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमधला कमोड आठ वर्षांचा आहे. मागे भिंतीवर प्लॅस्टिकची दोन बटणांची टाकी. गेले काही महिने मोठे बटण दोन-तीनदा दाबावे लागते. बादलीने पाणी ओतले की मात्र लगेच साफ होते. प्लंबर म्हणतो, कमोडच बदला. बदलावा का? (पुणे)

उत्तर : बदलू नका. चिनीमातीचे भांडे आठ वर्षांत झिजत नाही. शिवाय निदान तुम्ही स्वतःच करून टाकले आहे, फक्त ते तुमच्या लक्षात आलेले नाही. बादलीने साफ होते याचा अर्थ भांड्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहते ते तळाचे वळण, आणि पुढचा पाइप मोकळा आहे. दोष टाकीत आहे, नाहीतर भांड्याच्या काठात.

इतर वाचकांसाठी ही बादलीची परीक्षा नीट सांगतो. दहा लिटरच्या बादलीत सहा-सात लिटर पाणी घ्या. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, काठावर नव्हे तर भांड्यातल्या पाण्याच्या मधोमध, तीन-चार सेकंदांत ओता. पाणी थोडे वर येऊन ‘गडप’ आवाजासह ओढले गेले आणि पातळी पुन्हा जागेवर आली, तर पाइप ठीक. पाणी काठापर्यंत चढून अर्धा-एक मिनिट रेंगाळत उतरले, तर ट्रॅप किंवा पाइप तुंबलेला. पाणी गेले, पण शेजारच्या नहाणीच्या जाळीतून बुडबुडे आले किंवा भांड्यातली पातळी आधीपेक्षा खाली राहिली, तर हवेच्या पाइपाकडे, म्हणजे मैल्याच्या पाइपाला गच्चीवरून हवा पुरवणाऱ्या पाइपाकडे बघायचे. पहिल्या ओतण्यातच पाणी काठाशी आले तर दुसरी बादली ओतू नका, लादी पुसत बसाल.

आता तुमची टाकी. झाकण काढा. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ कोरलेली असते. टाकी भरून पाणी आपोआप बंद झाल्यावर ते त्या रेघेला टेकले पाहिजे, म्हणजे ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या) उभ्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर खाली. रेघेच्या खाली थांबत असेल तर फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, लवकर बंद होतो आहे. फ्लोटच्या दांडीवरचा स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत पातळी वर आणा. जुन्या बॉल कॉकला स्क्रू नसतो, तिथे पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित वर वाकवायची. दोन सेंटिमीटरने काय होते, असे वाटेल. टाकी आतून ३५ सेंमी लांब आणि १३ सेंमी रुंद असेल, तर पातळी २ सेंमी कमी म्हणजे ९१० मिलिलिटर पाणी कमी. सहा लिटरच्या फ्लशमधून जवळजवळ एक लिटर गेले, तर शेवटचा धक्काच जातो, आणि मैला ट्रॅपपलीकडे नेणारा तोच धक्का असतो.

पातळी बरोबर असेल तर झाकण बाजूला ठेवून भांड्यात पाणी सोडणारा मधला व्हॉल्व हाताने पूर्ण वर उचला आणि धरून ठेवा. हाताने उचलल्यावर भांडे साफ होते, पण झाकण लावून बटण दाबल्यावर होत नाही, असे आढळले तर दोष बटणाखालच्या काडीत आहे. ही काडी आट्यांची असते. आखूड पडली तर बटण पूर्ण दाबूनही व्हॉल्व अर्धाच उचलला जातो आणि निम्मे पाणी टाकीतच राहते. काडी तीन-चार मिलिमीटर लांब करून बघा. फार लांबवली तर झाकण बसल्यावर ती व्हॉल्वला कायम दाबून ठेवते आणि पाणी झिरपत राहते. म्हणून बटण न दाबता काडी आणि व्हॉल्व यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या. काही व्हॉल्वच्या अंगाला एक छोटी सरकपट्टी असते. ती मोठ्या फ्लशला किती पाणी सुटायचे हे ठरवते. बसवणाऱ्याने ती खालच्या खुणेवरच सोडून दिलेली असते, हे फार ठिकाणी घडते.

टाकी झपाट्याने रिकामी होते, पण भांड्यात पाणी नुसते ओघळते? मग काठाखालची भोके. मोबाइलची बॅटरी आणि हातआरसा घेऊन काठाच्या खालून बघा. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर भोकांच्या कडेने पिवळट पांढरा, खडूसारखा क्षार साचलेला दिसेल. टोकाला आकडा केलेली जाड तांब्याची तार प्रत्येक भोकात फिरवा. लोखंडी तार वापरू नका, तिचे काळे ओरखडे भांड्याच्या चकाकीवर उमटतात आणि निघता निघत नाहीत. यानंतर १०० ग्रॅम लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टाकी फ्लश करून रिकामी करा, टिश्यू पेपरच्या ओल्या वळ्या काठाखालच्या भोकांवर दाबून बसवा आणि नरसाळ्याने ते पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत हळूहळू ओता. ते थेट काठाच्या पोकळीत जाऊन थांबते. रात्रभर राहू द्या. सकाळी टिश्यू कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नको. क्षार जुना असेल तर हेच दोन-तीन रात्री करावे लागेल.

फरशीचे ॲसिड टाकीत किंवा त्या नळीत ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रबर आणि धातूचे नट-बोल्ट खराब होतात. आणि ॲसिड व ब्लीच ही दोन्ही एका भांड्यात कधीही पडू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि दार लावलेल्या संडासात तो जीवावर बेततो.

एवढे करूनही जोर आला नाही तर टाकीतून कमोडात शिरणारा वाकडा पाइप तपासा. कमोडच्या मागच्या तोंडात रबरी वायसर असतो आणि पाइप त्यातून आत जातो. बसवताना पाइप फार आत ढकलला गेला तर तो समोरच्या भिंतीला जवळजवळ टेकतो आणि पाण्याची वाट अडते. बाहेर ओढून फक्त चार-पाच सेंटिमीटर आत राहील असा बसवा. वायसर आत दुमडला असेल तर तोही सरळ होईल.

प्लंबरचे म्हणणे एकाच बाबतीत अर्धे खरे ठरू शकते. दहा लिटर पाण्याच्या हिशेबाने घडवलेल्या जुन्या कमोडवर नंतर कुणी सहा लिटरची टाकी बसवली असेल, तर जोडी जमत नाही. तिथेही भांडे बदलण्याऐवजी मोठी टाकी बसवणे स्वस्त आणि बिनफोडाफोडीचे.

प्रश्न : आमच्याकडे देशी संडास आहे. पूर्वी वर साखळीची लोखंडी टाकी होती. ती गंजली म्हणून दोन वर्षांपूर्वी प्लॅस्टिकची टाकी बसवली, हात पोचावा म्हणून खाली, फूट-दीड फुटावर. पाइप जुनाच ठेवला. तेव्हापासून मैला भांड्यावरच राहतो. (मिरज)

उत्तर : टाकी खाली आणली, पण पाइप बारीकच राहिला, हीच चूक. देशी भांडे जवळजवळ सपाट असते. कमोडसारखा त्यात पाण्याचा साठा नसतो, म्हणून मैला फक्त पाण्याच्या वेगाने ढकलला जातो. आणि तो वेग येतो उंचीतून. घर्षण सोडून हिशेब केला, तर दोन मीटरवरून येणारे पाणी सेकंदाला सहा मीटरच्या वर वेगाने खाली पोचते, अर्ध्या मीटरवरून येणारे जेमतेम तीन मीटरने. उंची पाव झाली की वेग निम्मा. वरच्या टाकीला ३२ मिमीचा, म्हणजे सव्वा इंची पाइप चालतो. खालच्या टाकीला वेग कमी असल्यामुळे एका वेळी जास्त पाणी सुटावे लागते, म्हणून ४० मिमीचा, दीड इंची पाइप हवा.

तेव्हा दोन पर्याय. टाकी पुन्हा सहा फुटांवर नेऊन दोरी किंवा साखळी लावा. वयस्कर माणसे घरात असतील तर दोरी खालपर्यंत सोडता येते, टाकी खाली आणायची गरज नसते. किंवा टाकी खालीच ठेवून पाइप दीड इंची करा. काटकोनी एल्बो टाळा, लांब वळणाचा बेंड घ्या. प्रत्येक एल्बोला धक्का खर्च होतो.

पाइप बदलताना भांड्याच्या तोंडात बोट घालून बघा. बसवताना आत घुसलेले पांढरे सिमेंट तिथेच सुकून बसलेले पुष्कळदा सापडते. छिन्नीने हलक्या हाताने काढा, भांड्याला चीर जाऊ देऊ नका. शेवटी भांड्याच्या कडेवर पाणसळ ठेवून बघा. उतार ट्रॅपच्या उलट दिशेला गेला असेल तर एका टोकाला पाण्याचे डबके राहते आणि मैला तिथेच अडकतो. यावर टाकी, पाइप, काही चालत नाही. भांडे काढून पुन्हा बसवणे हाच उपाय.

प्रश्न : कमोडच्या मागच्या बाजूने सतत पाण्याची बारीक धार वाहते. सकाळी पहिला फ्लश अगदीच मवाळ होतो. या दोन्हींचा संबंध आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे. रात्री तुमची पाण्याची लाइन बंद असते किंवा गच्चीवरची टाकी रिकामी होते, तेव्हा फ्लशच्या टाकीतून गळलेले पाणी भरून येत नाही. सकाळी टाकी अर्धीच असते.

गळती कुठून, ते आधी ठरवा. झाकण उघडून ओव्हरफ्लोच्या नळीत बघा. पाणी नळीच्या तोंडावरून आत पडत असेल तर दोष पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्वचा: पातळी जास्त ठेवली आहे किंवा त्याचे रबर झिजले आहे. नळी कोरडी असेल तर भांड्यात पाणी सोडणाऱ्या मधल्या व्हॉल्वचे सील गळते आहे. खात्रीसाठी टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर सीलच.

सील काढायला कारागीर लागत नाही. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा. मधला व्हॉल्व धरून घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा द्या, तो वर निघून येतो. त्याच्या तळाशी सिलिकॉनची पातळ चकती असते, तेच सील. बहुतेक वेळा तिच्यावर वाळूचा कण किंवा क्षाराचा कंगोरा बसलेला असतो. मऊ कापडाने चकती पुसा, ती जिथे टेकते ती टाकीतली कडही पुसा आणि बोट फिरवून खरखरीत लागते का बघा. चकतीवर खोल वण पडला असेल तर ती उलटी करून बसवा, नवी मिळेपर्यंत काम भागते. नवी आणताना जुनी दुकानात घेऊन जा. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या चकत्यांचा व्यास एक-दोन मिलिमीटरने वेगळा असतो आणि तेवढ्यानेही पाणी झिरपते. दहा मिनिटांत एक लिटर, इतकी बारीक धारसुद्धा दिवसाला १४४ लिटर नेते.

प्रश्न : आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. टाकी नाही, भिंतीत दाबायचा फ्लश कॉक आहे. खालच्या मजल्यावरच्यांचा जोरात चालतो, आमचा नाही. कॉक दोनदा बदलला. (कोल्हापूर)

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका. फ्लशच्या टाकीला नळाच्या दाबाशी देणेघेणे नसते, ती सावकाश भरली तरी फ्लश तेवढाच होतो. फ्लश कॉकचे तसे नाही, तो थेट पाइपातल्या दाबावर चालतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे प्लंबरच्या भाषेत एक किलो. गच्चीवरच्या टाकीचा तळ तुमच्या कॉकपासून अडीच-तीन मीटर वर असेल, म्हणजे तुमच्या वाट्याला पाव किलो. पाच मजले खालच्या घराला दीड किलोच्या पुढे मिळतो.

कॉकवरचा चौकोनी पत्रा काढला की आत पेचकसाने फिरवायचा एक स्क्रू दिसेल. तो पूर्ण उघडा आहे ना, एवढे एकदा पाहा. कुणीतरी गळती थांबवायला तो अर्धा बंद करून ठेवलेला असू शकतो. नंतर गच्चीवरून कॉकपर्यंत येणारा पाइप किती इंची आहे ते शोधा. फ्लश कॉकला सव्वा किंवा दीड इंची स्वतंत्र पाइप लागतो. गीझर, वॉश बेसिन आणि कॉक एकाच पाऊण इंची पाइपावर असतील, तर कुठलाही कॉक तिथे हरेल. स्वतंत्र पाइप टाकणे शक्य नसेल तर कॉक काढून टाकीच बसवा. वरच्या मजल्यासाठी टाकीच बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचे घर गावात आहे, सेप्टिक टँक आणि त्याला शोषखड्डा. एरवी काही त्रास नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र फ्लश केल्यावर पाणी काठापर्यंत चढते आणि सावकाश उतरते. टँक दोन वर्षांपूर्वीच उपसला आहे. (रत्नागिरी)

उत्तर : कोकणातल्या निम्म्या घरांची ही पावसाळी तक्रार असावी. टँकमध्ये जेवढे पाणी जाते तेवढेच पलीकडून शोषखड्ड्यात जावे लागते. जांभ्या दगडात एरवी पाणी झटकन मुरते, पण भर पावसात भूजल वर आले की खड्डाच बाहेरून भरतो. मग टँकमधली पातळी चढते, आत येणाऱ्या पाइपाचे तोंड पाण्याखाली जाते आणि संडासातून आलेल्या पाण्याला वाट उरत नाही.

खात्री करायची तर टँकचे झाकण उघडून पातळी बघा. पण नियम पाळून: पावसाची उघडीप बघा, झाकण उघडून अर्धा तास दूर व्हा, तोंड झाकणावर आणू नका, जवळ विडी-काडी पेटवू नका, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. आतले पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या कडेला टेकलेले असेल तर ती नेहमीची पातळी. त्याच्या वर चढले असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाही. टँकची पातळी ठीक, पण त्याच्या आधीचे चेंबर तुंबलेले असेल तर मधला पाइप चोकअप आहे.

शोषखड्ड्याचा दोष निघाला तर पावसाळ्यात पूर्ण इलाज नाही. भार कमी करता येतो. पागोळ्यांचे आणि अंगणाचे पाणी टँककडे किंवा खड्ड्याकडे वळले असेल तर आजच चर खणून बाजूला काढा. नहाणीचे आणि कपडे धुण्याचे पाणी टँकमध्ये सोडलेले असेल तर तेही वेगळे करा, त्याला माडाच्या आळ्याची वाट दाखवा. दिवाळीनंतर उंच जागी दुसरा शोषखड्डा घ्या, विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब.

उपसण्याची घाई भर पावसात नको. प्लॅस्टिकची तयार टाकी भूजल वर असताना पूर्ण रिकामी केली तर होडीसारखी वर उचलली जाते आणि सगळे पाइप तोडते. टँक उपसाल तेव्हा सक्शनची गाडीच बोलवा, माणूस आत उतरवू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला कुणाला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सक्शनवाला ‘थोडंसं आत उतरून साफ करतो’ म्हणाला तरी नाही म्हणा.

प्रश्न : संडासात सुगंधी वडीची प्लॅस्टिकची जाळी लटकवली होती, ती फ्लशबरोबर आत गेली. आता पाणी काठापर्यंत येते. ड्रेन क्लीनरची पूड दोनदा टाकली. (अमरावती)

उत्तर : पूड आणखी टाकू नका. ती कॉस्टिक सोड्याची असते. चरबी आणि केसांवर चालते, प्लॅस्टिक तिला दाद देत नाही. उलट आता भांड्यातले पाणी दाहक झाले आहे. कुणीही हात घालण्यापूर्वी जुन्या मगाने जमेल तेवढे पाणी काढा, थोडे थोडे साधे पाणी घालून तेही काढा, रबरी हातमोजे आणि चश्मा लावा. प्लंबर आला तर त्याला आधी हे सांगा. न सांगता त्याच्या तोंडावर तो शिंतोडा उडाला तर डोळा जाऊ शकतो. पुडीवर ॲसिड ओतण्याचा विचारही करू नका, उकळून अंगावर येईल.

जाळी कडक असल्यामुळे ट्रॅपच्या वळणात आडवी बसली असणार. अशा वेळी बांबूची कामटी घालून पुढे ढकलण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर ती तुमच्या संडासातून निघून इमारतीच्या पाइपात अडकेल. आधी रबरी पंप. कपाच्या तळाला आत दुमडता येणारी मान असलेला पंप घ्या, बेसिनचा सपाट पंप कमोडच्या तोंडावर बसत नाही. भांड्यात कप बुडेल इतके पाणी हवे. कप हळू दाबून हवा काढा आणि मग झटका वर ओढताना द्या, दाबताना नव्हे. वस्तू तुमच्याकडे यायला हवी. पंधरा-वीस झटके, मग थांबून बघा.

नाही निघाली तर प्लंबरकडची आकड्याची स्प्रिंग. तीही हरली तर कमोड काढावा लागतो. ऐकायला मोठे, पण तासाभराचे काम आहे. कॉक बंद, टाकी रिकामी, भांड्यातले पाणी स्पंजने काढलेले. जमिनीवरचे दोन बोल्ट सोडवायचे, बुडाच्या कडेचे सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट कापायचे, मागच्या रबरी कनेक्टरमधून भांडे सरळ पुढे ओढायचे आणि गोणपाटावर आडवे करायचे. मागच्या तोंडातून जाळी दिसते, पकडीने येते. बसवताना कनेक्टरचे रबर नवे घाला. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकाच बाजूने जोर दिला तर चिनीमातीला चीर जाते. सिलिकॉन लावल्यावर चोवीस तास वापर नको.

प्रश्न : पाणीटंचाई म्हणून फ्लशच्या टाकीत लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. आता दोनदा फ्लश करावा लागतो. (लातूर)

उत्तर : म्हणजे चार-चार लिटर करत आठ लिटर जातात. बाटल्या काढा. ही युक्ती जुन्या दहा लिटरच्या टाकीसाठी ठीक होती, सहा लिटरच्या टाकीत वाचवायला काही शिल्लक नसते. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तिथे काटकसर शिकवायला नको, पण ती दुसरीकडून करा: लघवीनंतर तीन लिटरचे छोटे बटण, आणि मोठ्या फ्लशसाठी कपडे धुतलेले पाणी बादलीने. ते पाणी टाकीत मात्र भरू नका, साबणाचा चिकटा आणि धागे व्हॉल्वच्या सीलवर बसतात. कुणी टाकीत वीट ठेवली असेल तर ती आधी काढा. वीट पाण्यात झडते आणि तिची माती सीलखाली जाते.

प्रश्न : बाथरूम नव्याने केले. कमोड जुन्या जागेवरून चार-पाच फूट सरकवला. दर पंधरा दिवसांनी तुंबतो. (डोंबिवली)

उत्तर : फरशीखालचा आडवा पाइप. ११० मिमीच्या पाइपाला ४० ला १ उतार हवा, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. तुमच्या दीड मीटरला पावणेचार सेंटिमीटर. संकनची, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबची, खोली कमी असली की मिस्त्री उतार कमी करतो आणि पाइप जवळजवळ सपाट टाकतो. वर काटकोनी वळणे दोन. पाणी पुढे जाते, मैला मागे राहतो, थर साचतो.

आणखी एक शक्यता. जमिनीत तोंड असलेला एस ट्रॅपचा कमोड असेल तर भिंतीपासून जमिनीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि कमोडचे अंतर जुळले आहे का? बाजारात ९ इंची आणि १२ इंची दोन्ही मिळतात. जागेवर ९ आणि कमोड १२ असला की मध्ये वाकडा जोड घालून भागवतात, आणि त्या जोडाच्या घडीत कागद अडकू लागतो. कमोड काढून हा जोड बघणे सोपे, म्हणून आधी तेच करा. जोड सरळ निघाला तर खालच्या फ्लॅटच्या छतातून किंवा तुमची लादी फोडून पाइप तपासावा लागेल. फोडलीच तर काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घाला आणि तोंडाशी उघडता येणारे झाकण ठेवून घ्या. ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी लादी बसण्याआधी पाणसळ आणि फूटपट्टी घेऊन स्वतः संकनमध्ये उतरावे.

प्रश्न : फ्लश केला की नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि वास सुटतो. सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातल्यापासून हे सुरू झाले. (ठाणे)

उत्तर : शेड घालताना हवेचा पाइप कापून टोपी लावली आहे किंवा तो पत्र्याखालीच राहिला आहे का, गच्चीवर जाऊन बघा. फ्लशचे पाणी खाली धावताना मागे हवा लागते. वरून मिळाली नाही की ती नहाणीच्या ट्रॅपमधून ओढली जाते. ट्रॅपमध्ये पाच सेंटिमीटर पाणी वास अडवून धरते, तेच उपसले जाते. पाइप शेडच्या बाहेर काढून वर उघडा ठेवा, तोंडाला जाळीची टोपी बसवा, नाहीतर कबुतरे काड्या टाकतील. तोवर फ्लशनंतर नहाणीत तांब्याभर पाणी ओतत राहा.